वाक्य देणारे चाचा

आरमोरीच्या चाचांसमोर बोलताना मध्येच थांबायची सोय नव्हती. तुम्ही एखाद्या शब्दासाठी जरा अडखळलात, की चाचा मान तिरकी करत आणि ओठ जेमतेम हलवून तुमचं पुढचं वाक्य कुजबुजत तुमच्या हवाली करत. वाक्य बहुतेक वेळा बरोबर असे, आणि पंचाईत नेमकी तीच होती.

मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तो वरची खोली भाड्यानं मागायला. पाटबंधारे खात्यात नुकताच चिकटलो होतो. बालपण सगळं ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरात गेलेलं, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की वाक्य अर्ध्यावरच राहायचं. चाचा मशीनवर एका पोलक्याला बाही लावत होते. मी म्हणालो, "नमस्कार, मी... ती वरची खोली... म्हणजे मी..."

चाचांनी मशीन थांबवलं नाही. "मी एकटाच हावो," ते हळूच म्हणाले. "सैपाक येत नाई. दारू पीत नाई. लवकर निजतो."

"हो," मी म्हणालो. "एकटाच आहे, स्वयंपाक येत नाही, दारू पीत नाही, लवकर झोपतो."

यातलं शेवटचं साफ खोटं होतं. पण तोंडून निघालं ते निघालं. आरमोरीत होतो तोवर मी मुकाट्यानं लवकर दिवा मालवत राहिलो.

चाचा धंद्यानं शिंपी. बाजाराच्या रस्त्यावर पुढे दुकान, मागे घर, आणि घरात चाची, ज्या चाचांच्या वाट्याचंही मोठ्यानं बोलत. पण शिंपीकाम हे उन्हाळ्या-पावसाळ्याचं. दिवाळी झाली, धान कापून खळ्यावर आलं, की आमच्या या झाडीपट्टी भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो, आणि त्याच्या जोडीला रात्रभराचं नाटक. लेकी, जावई, सोयरेधायरे, सगळे नाटकाच्या निमित्तानं येतात. घरोघर पाहुणे असतात आणि त्याच गर्दीत लोक मुली पाहणं, सोयरिकी जमवणंही उरकून घेतात. हे दिवस आले की चाचा मशीन कापडानं झाकत, कानटोपी चढवत आणि वडशाच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून निघून जात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेलं वाक्य आठवून देणारा. झाडीपट्टीत तेवढ्यावर भागत नाही. नट आज एका गावी, उद्या दुसऱ्या, नाटक रोज वेगळं. नागपूरहून हंगामापुरत्या आलेल्या नट्यांना तर आज आपण कुणाची बायको आहोत हे तोंडाला रंग लावताना कळायचं. पाठ करायला वेळ कुणाला आहे? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात, ऑर्गनवाल्याच्या शेजारी, एक खड्डा असायचा आणि त्यात चाचा. प्रत्येक वाक्य आधी खड्ड्यातून यायचं, मग नट ते उचलून प्रेक्षकांवर फेकायचा. सासू, सून, इन्स्पेक्टर, दरोडेखोर, सगळ्यांचं बोलणं आधी चाचांच्या तोंडून गेलेलं असायचं. प्रेक्षकांना त्यांच्या कानटोपीचा गोंडा तेवढा दिसायचा.

या कामाचा नियम एकच. खड्ड्यातून आलेलं वाक्य फिरवायचं नाही. एका विनोदी नटानं एकदा इन्स्पेक्टरच्या वेषात पदरचा विनोद घुसडला. चाचांनी संहिता मिटली आणि चष्मा काढून खिशात ठेवला. इन्स्पेक्टर तोंड उघडं टाकून उभा. शेवटी त्यानं काठावर येऊन, टोपी काढून, सगळ्या गावासमोर "चुकलं चाचा" म्हटलं तेव्हा चष्मा परत नाकावर चढला. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला आणि टाळ्या पडल्या.

"वाक्य आपलं नसते, बाबू," चाचा मला सांगत. "लिवणाऱ्यानं लिवलं, आपून पोचवाचं. मधात आपलं डोकं लावाचं नाई. अपना काम पहुंचाना."

हंगामात घसा सांभाळायचा म्हणून ते घरीही कुजबुजत, आणि पुढे ती सवय बारमाही झाली. गालात सदा ज्येष्ठमधाची काडी. चाची वैतागून म्हणत, "घरात माणूस हाये का भूत, समजत नाई!" यावर चाचा हळूच त्यांचं पुढचं वाक्य सांगत, "माह्या बापानं काय पाहून देलं इथी," आणि चाची तेच वाक्य जोरात म्हणून टाकत. मी वर खोलीत एकटाच हसायचो. आईवडिलांची आठवण यायची त्या दिवसांत मला या दोघांनी फार सावरलं.

आता त्या नाटकाकडे वळायला हवं, कारण चाचा म्हटलं की आमच्या भागातल्या लोकांना तेच आठवतं.

आरमोरीच्या पलीकडच्या एका गावात, मी तिथे येण्याच्या थोडं आधी, एक खून झाला होता. धान खळ्यावर होतं आणि राखणीला घरधनी तिथंच निजला होता. सकाळी त्याची बायको शिदोरी घेऊन गेली तर तो मेलेला. गळ्यावर विळ्याचा घाव, आणि विळा घरचाच. पोलिसांनी बायकोला उचललं. सुमनबाई तिचं नाव. पदरात एक लहान मुलगी होती, वनिता. खुनाच्या बातम्या छापणारं एक साप्ताहिक तेव्हा बसस्टँडवर मिळायचं. त्यानं मुखपृष्ठावर केस सोडलेली, हातात विळा घेतलेली एक बाई छापली. ती सुमनबाईसारखी अजिबात दिसत नव्हती, पण लोकांनी सुमनबाईला पाहिलं होतं कुठे? त्यांच्यासाठी चित्रातली तीच खरी. पुढच्या हंगामाला वडशाच्या कंपनीनं नाटक काढलं, 'खळ्यावर सांडलं कुंकू'. तंबू ओसंडून वाहायला लागले.

नाटकात नावं बदलली होती, एवढंच. शेवटच्या अंकात कोर्ट भरायचं, नायिका पदर फेकून म्हणायची, "होय! होय न्यायाधीश महाराज, याच हातांनी मी माझं कुंकू पुसलं!" आणि न्यायाधीश फाशी द्यायचे. बाया डोळे पुसत आणि शिव्या घालत घरी जायच्या.

खरा खटला चालू झाला तेव्हा चाचा कोर्टात गेले. उत्सुकता दुसरी नव्हती, आपण रोज पोचवतो ते बरोबर आहे का, एवढं पाहायचं होतं. पण सवय कुठे जाणार? पिंजऱ्यात एक साक्षीदार अडखळला आणि मागच्या बाकावरून चाचांनी त्याला वाक्य दिलं. साक्षीदारानं ते घेतलंही! न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, शिपायानं चाचांच्या दंडाला धरलं आणि चाचा बाहेर. बाजारात यावर पुढे वर्षभर हसले लोक. चाचांना मात्र हसू आलं नाही. बाहेर काढल्यावर ते खिडकीपाशी उभे राहिले होते, आणि तिथून त्यांनी सुमनबाईला बोलताना ऐकलं.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. बाईनं पिंजऱ्याचा कठडा धरला. मग म्हणाली, "मीनंच मारलं असतं, त सकाळी उठून शिदोरी कोणासाठी बांधली असती जी?"

चाचा ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबत. मी पुढचं वाक्य देण्याचा प्रयत्न कधी केला नाही.

"ते वाक्य तिले कोणी देल्लं नोतं," ते म्हणत. "वकिलानंबी नाई. मी इतक्या लोकाईले वाक्यं देल्ली, मले समजते. असं वाक्य कोणाले लिवता येत नाई."

कोर्टानं सुमनबाईला निर्दोष सोडलं. खून कुणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. चाचा कंपनीच्या मालकाकडे गेले आणि म्हणाले, कोर्टानं सोडलं, आता नाटकाचा शेवट बदला. मालक पान लावत होते. "चाचा," ते म्हणाले, "कोर्टात फुकट बसाले भेटते तरी बाकं खाली राह्यतात. आपल्या इथी लोक तिकीट काढून येतात. मंग निकाल कोणाचा खरा?"

 नियम त्यांचाच होता, लिवणाऱ्यानं लिवलं ते पोचवायचं. ते खड्ड्यात बसून पोचवत राहिले. मला वाटतं, त्या वर्षांमध्येच त्यांचं जेवण कमी झालं. चाची म्हणायच्या, ज्येष्ठमधानं भूक मेली.

वर्षं गेली, वनिता लग्नाला आली. एका दुपारी सुमनबाई दुकानात आली ती लेकीच्या पोलक्याचं कापड घेऊन. मी ऑफिसातून जेवायला आलो होतो. सावळी, ठेंगणी, हळू बोलणारी बाई. त्या मुखपृष्ठाची आठवण होऊन मलाच लाज वाटली. तिनं आणलेल्या जुन्या पोलक्यावरून चाचा माप घेऊ लागले. बाई काहीतरी बोलायला आली होती आणि तिला बोलता येत नव्हतं. चाचा एरवी तिला वाक्य देऊन मोकळे झाले असते. त्या दिवशी ते टेप हातात धरून नुसते वाट पाहत राहिले.

"चाचा," अखेर ती म्हणाली, "पोरीचं नागभीडकडं जमून राह्यलं. पोरगा चांगला हाये. त्याच्या बापाचं म्हणणं, कोर्टानं सोडलं त सोडलं. पण पोराच्या मायचं मन धजत नाई. मंडईले बलावलं त्याईनं आमाले, तवाच पक्कं करू म्हणतात. अन मंडईत तुमचंच नाटक हाये. तेच."

"मंग जाऊ नोको," चाची आतून ओरडल्या.

"नाई गेली त म्हणतीन, चोर होती म्हणून नाई आली. गेली त त्याईच्या मांडीले मांडी लावून पाहाले लागन. पोरगीबी पाहीन." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चाचा, त्या दिवशी दुसरं नाटक नाई का लावता येत?"

चाचा दुसऱ्याच दिवशी वडशाला जाऊन आले. जमणार नव्हतं. पोस्टरं चिकटली होती, भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरून आली होती, आणि गावानं मागितलं होतं ते हेच नाटक. चाचा परत आले आणि वनिताचं पोलकं शिवायला बसले. शिवलं, उसवलं, परत शिवलं. 

मंडईला मी त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं, पण त्यांना एकटं सोडवेना. थंडी मरणाची. लोक वाकळा, घोंगड्या घेऊन तंबूत जमिनीवर बसलेले. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत मला सुमनबाई दिसली, शेजारी नव्या पोलक्यातली वनिता, आणि पलीकडे एक जाड, करारी बाई. ती मुलाची आई असणार हे सांगावं लागलं नाही. सोयऱ्यांना पुढची जागा देतात, तो मान असतो. सुमनबाई त्या मानाच्या जागी अंग चोरून बसली होती.

नाटक रात्रभर व्यवस्थित चाललं. नवरा मेला, विळा सापडला, नायिकेनं दोन गाणी म्हटली. शेवटचा अंक लागला तेव्हा तंबूच्या फटीतून उजाडल्याचं दिसत होतं आणि कोंबडे आरवायला लागले होते. कोर्ट भरलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत वडशाचा एक पानठेलेवाला, हे काम करून करून ज्याला बाजारातही सगळे जज्जसाहेबच म्हणत. पिंजऱ्यात नागपूरची नटी. न्यायाधीशांनी गर्जना केली, "आरोपी, तुला काही सांगायचं आहे?"

नटीनं पदराला हात घातला आणि खड्ड्याकडे पाहिलं. वाक्य येईना.  मी ऑर्गनवाल्याच्या मागेच उभा होतो, मला चाचांचे ओठ दिसत होते. संहिता त्यांच्या मांडीवर मिटलेली होती.

मग वाक्य आलं. नटी क्षणभर गोंधळली. तोवर रात्रभर ती शुद्ध, पुस्तकी बोलली होती, आणि हे भलतंच काही होतं. पण नियम तो नियम. तिनं ते उचललं आणि हळूच, कारण चाचांनी हळूच दिलं होतं, म्हणाली, "मीनंच मारलं असतं, त सकाळी उठून शिदोरी कोणासाठी बांधली असती जी?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. बस्स, तेवढंच.

खरी पंचाईत न्यायाधीशाची झाली. त्याला फाशी तोंडपाठ होती. चाचांनी वाक्य दिलं, "हे कोर्ट या बाईला निर्दोष सोडत आहे." जज्जसाहेबांनी खुर्चीतल्या खुर्चीत मानेनं नाही म्हटलं. चाचांनी पुन्हा दिलं. विंगेत मालक येऊन उभे राहिले होते आणि हातवारे करत होते. जज्जसाहेबांनी एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दुसरं वाक्य मिळणार नव्हतं. पानठेलेवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला, हातोडा आपटला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी निर्दोष सोडलं.

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना काय करावं कळेना, अर्धे मालकांच्या नावानं ओरडायला लागले. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सुमनबाई खाली मान घालून हमसून हमसून रडत होती आणि वनिता तिच्याकडे पाहत होती. मुलाच्या आईनं आधी त्या दोघींकडे पाहिलं. मग आपल्या अंगावरची वाकळ ओढली आणि अर्धी सुमनबाईच्या गुडघ्यांवर टाकली. "थंडी हाये," ती म्हणाली. 

मालकांनी चाचांना तिथल्या तिथं काढून टाकलं. "तुमी नियम मोडला," ते म्हणाले.

"हाव," चाचा म्हणाले. "मोडला."

कंपनीच्या गाडीत जागा नव्हतीच आता. आम्ही सकाळच्या एसटीनं परत निघालो. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की काय बोलावं सुचेना, आणि चाचांनीही मला वाक्य दिलं नाही. खूप वेळानं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मालक बराबर हाये, बाबू. खड्ड्यातल्या माणसानं असं कराचं नसते." ज्येष्ठमधाची काडी त्यांनी बाहेर फेकून दिली.

पुढच्या गावी नाटकात परत फाशी झाली. पण वनिताचं लग्न त्याच उन्हाळ्यात लागलं. पोलकी सगळी चाचांनी शिवली.

चाचांचा मात्र हंगाम गेला. दिवाळीनंतर मशीन झाकायचं बंद झालं, आणि एरवी हिवाळाभर खड्ड्यात खपणारी सगळी वाक्यं बाजारावर पडायला लागली. भाजीवाल्यांना, पोस्टातल्या बाबूला, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना चाचा वाक्यं देऊ लागले. लोक चिडायचे, पण वाक्य घ्यायचे.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त आरमोरीला गेलो तेव्हा दुकान, माझ्या वेळी बाहेरगावी असलेल्या, त्यांच्या मुलाच्या हाती होतं आणि चाचा आत पलंगावर, अंगानं पार वाळलेले. समोर नवा रंगीत टीव्ही. "बस, बस," चाची म्हणाल्या, "आज ते खळ्यावरचं दाखवून राह्यले. सारा बाजार टीव्हीपाशी बसला."

गुन्ह्यांच्या खऱ्या घटनांवरचा हिंदी कार्यक्रम होता. खळ्याच्या मागे, आमच्याकडे औषधालाही नसलेली, नारळाची झाडं होती आणि सुमनबाईच्या ओठांना लिपस्टिक. चाची झाडांना हसत होत्या. चाचा हसले नाहीत. मी विचारलं, वनिताच्या घरी कळलं असेल का? "तिच्या सासूचा फोन आलता," चाची म्हणाल्या. "म्हणे, आमच्या इथी टीव्ही बंद हाये. सुमनबाईबी तिथीच हाये, कालपासून."

पडद्यावर कोर्ट भरलं. न्यायाधीशानं विचारलं, काही सांगायचं आहे का? नटीनं मान वर केली. चाचा पलंगावर पुढे सरकले, मान तिरकी केली, आणि त्यांचे ओठ हलले. नटी टीव्हीतून किंचाळली, "हां! मैंने ही मारा!"

"ऐकलं नाई तिनं," चाचा म्हणाले.

"टीव्हीले आयकू येते का कधी?" चाची म्हणाल्या, पण नेहमीसारख्या मोठ्यानं नाही.

जाहिराती लागल्या. त्या संपल्यावर हे लोक मागचाच प्रसंग पुन्हा दाखवतात, तसा त्यांनी तो दाखवला. तेच कोर्ट, तोच प्रश्न. चाचा पुन्हा पुढे सरकले. रिमोट माझ्याजवळ होता. मी टीव्हीचा आवाज पार बंद केला. पडद्यावर बाईनं मान वर केली आणि तिचे ओठ हलायला लागले, आणि खोलीत आम्हाला तिघांना स्वच्छ ऐकू आलं, "मीनंच मारलं असतं, त सकाळी उठून शिदोरी कोणासाठी बांधली असती जी?"